करुण की करुण-विप्रलंभ? : ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या उत्तरभागाविषयी चाहत्यांनी केलेल्या तर्कांची चिकित्सा

बीजसंज्ञा : रोल-प्लेइंग गेम, उत्तरभाग, करुण, करुण-विप्रलंभ, प्रत्याशा, संहिता, चाहते

प्रस्तावना

एखादी कलाकृती संपली तरी तिच्यातील माणसांचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न आस्वादकाच्या मनातून जात नाही. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मृत्यूच्या स्वाधीन केले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. मधल्या दहा वर्षांत वाचकांनी तो मृत्यू स्वीकारला नव्हता, हे त्या परत आणण्यामागचे एक उघड कारण होय. साहित्याच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत. तथापि व्हिडिओ गेम या तुलनेने नव्या कथनप्रकारात या प्रवृत्तीने जे रूप धारण केले आहे, त्याकडे मराठी समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. याचे कारण बहुधा असे की, ‘खेळ’ हा शब्द ऐकताच त्या वस्तूला मनोरंजनाच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. नाटकालाही एकेकाळी ‘खेळ’च म्हणत आणि आजही नाटकाचा ‘प्रयोग’ आणि ‘खेळ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, ही गोष्ट येथे सहज आठवावी.

प्रस्तुत लेखात ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी रोल-प्लेइंग गेमचा आणि तिच्या नव्या आवृत्तीतील पुढील भागांविषयी चाहत्यांनी केलेल्या तर्कांचा विचार केला आहे. चाहत्यांचे तर्क खरे ठरले की खोटे, हा येथील मुख्य प्रश्न नव्हे. मृत पात्र परत येईल अशी आशा एकदा उत्पन्न झाली की त्या मृत्यूचा रस बदलतो काय, आणि बदलत असेल तर मूळ कृतीचे काय होते, हा प्रश्न आहे. या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार संस्कृत साहित्यशास्त्रात झालेला असल्याने विवेचनाची परिभाषा तेथून घेतली आहे. जपानी लेखकांनी संस्कृत ग्रंथ वाचले होते असा दावा त्यात अभिप्रेत नाही.

मूळ संहिता आणि एरिथचा मृत्यू

‘फायनल फँटसी सेव्हन’ जानेवारी १९९७ मध्ये जपानमध्ये ‘स्क्वेअर’ या कंपनीने प्लेस्टेशन यंत्रासाठी प्रकाशित केला. दिग्दर्शन योशिनोरी कितासे यांचे, निर्मिती हिरोनोबु साकागुची यांची, पात्ररेखाटन तेत्सुया नोमुरा यांचे, कथालेखनात काझुशिगे नोजिमा यांचा मोठा वाटा आणि संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. तीन डिस्कवर मावणारी ही कृती पुढे जगभर एक कोटीहून अधिक प्रतींमध्ये विकली गेली.

कथानकाचा गाभा असा : मिडगार नावाच्या महानगरात शिनरा ही वीज कंपनी पृथ्वीसदृश ग्रहाची जीवनशक्ती उपसून तिची वीज करते. क्लाउड हा माजी सैनिक या कंपनीविरुद्धच्या बंडखोरांना भाडोत्री म्हणून सामील होतो. त्याच्या स्वतःविषयीच्या आठवणी खोट्या आहेत, हे त्याला आणि खेळाडूला बऱ्याच उशिरा कळते. झोपडपट्टीतील एका पडक्या चर्चमध्ये फुले वाढवणारी आणि ती विकणारी एरिथ ही ग्रहाशी बोलू शकणाऱ्या प्राचीन वंशातील शेवटची मुलगी आहे. सेफिरॉथ हा प्रतिनायक आकाशातून उल्का पाडून ग्रहाला जखमी करू पाहतो. ते संकट रोखणारी ‘होली’ ही शक्ती जागवण्यासाठी एरिथ एकटीच एका विसरलेल्या प्राचीन नगरीत जाऊन प्रार्थनेला बसते. तेथे सेफिरॉथ वरून उतरतो आणि त्याची तलवार तिच्या आरपार जाते. तिच्या केसांतील रिबिनीतून पांढरा मटेरिया निसटतो, पायऱ्यांवर आपटत पाण्यात पडतो. क्लाउड तिचे शव उचलून पाण्यात सोडतो. पहिली डिस्क येथे संपते.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तलवार उतरण्यापूर्वी क्लाउड स्वतःच सेफिरॉथच्या प्रभावाखाली एरिथवर तलवार उगारतो. त्या क्षणी नियंत्रण खेळाडूच्या हाती असते, पण कोणतीही कळ दाबली तरी ती तलवार उगारण्याकडेच नेते. खेळाडूला हात दिले आहेत आणि ते हात बांधले आहेत. त्यानंतर लगेच येणाऱ्या लढाईत नेहमीचे युद्धसंगीत वाजत नाही, एरिथचेच संथ सूत्र चालू राहते. लढाई जिंकली तरी काही परत मिळत नाही. तिची शस्त्रे आणि मटेरिया खेळाडूच्या सामानात राहतात, मात्र तिला वाढवण्यात घातलेले तास व्यर्थ जातात. तिचे सर्वोच्च कौशल्यही मृत्यूपूर्वी मिळवता येते, आणि ज्याने ते कष्टाने मिळवले त्याचे नुकसान सर्वांत मोठे. कादंबरीचा वाचक नायिकेच्या मृत्यूने दुःखी होतो, परंतु तिला घडवण्यात त्याने स्वतःचे श्रम घातलेले नसतात. हा भेद केवळ तांत्रिक नाही. खेळातील करुणाचा एक भाग आस्वादकाच्या श्रमातून येतो.

तर्काला आधार कशाचा?

एरिथला परत आणण्याचा काहीतरी छुपा मार्ग असलाच पाहिजे, अशी समजूत १९९७ पासूनच पसरली. अमुक वस्तू अमुक ठिकाणी नेली, अमुक पात्राशी इतक्या वेळा बोलले तर ती जिवंत होते, अशा वदंता वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. तिला परत आणावे असे निवेदनही कितासे यांच्याकडे गेले. काहींनी यंत्राच्या स्मृतीत फेरफार करणारी उपकरणे लावून तिला पुढच्या लढायांत उभे केले. या सर्व खटाटोपाकडे पोरकटपणा म्हणून पाहणे सोपे आहे. तसे पाहणे चुकीचे ठरेल, कारण या समजुतीला खुद्द प्रकाराच्या संकेतांचा आधार होता.

पहिला आधार खेळाच्या नियमांचा. या मालिकेत लढाईत पडलेल्या सोबत्याला ‘फिनिक्स डाऊन’ नावाच्या एका पिसाने उठवता येते. खेळाडूने तोवर ते शेकडो वेळा केलेले असते. मग हे पीस एरिथवर का चालू नये, हा प्रश्न पुढे विनोदाचा विषय झाला, पण तो मुळात गंभीर प्रश्न आहे. नियमांच्या जगात मरण म्हणजे एक तात्पुरती अवस्था आणि कथेच्या जगात मरण म्हणजे मरण. दोन्ही जगे एकाच पडद्यावर, एकाच पात्राच्या देहात नांदतात, आणि सामान्यतः त्यांची गाठ पडत नाही. एरिथच्या प्रसंगात ती पडते.

दुसरा आधार मालिकेच्या परंपरेचा. १९९१ मधील चौथ्या ‘फायनल फँटसी’त अनेक पात्रे आत्मबलिदान करतात. जुळी भावंडे पालोम आणि पोरोम स्वतःला दगड करून घेतात, यांग तोफेच्या स्फोटात नाहीसा होतो, सिद बॉम्ब घेऊन विमानातून उडी टाकतो. हे सर्व पुढे जिवंत सापडतात. वृद्ध जादूगार तेला मात्र खरोखर मरतो. १९९२ मधील पाचव्या भागात गलुफच्या मृत्यूच्या वेळी सोबती त्याच्यावर एकामागून एक औषधे आणि मंत्र वापरून पाहतात आणि एकही लागू पडत नाही. म्हणजेच नियमांचे जग येथे हरले, हे त्या संहितेनेच खेळाडूला दाखवून दिले होते. सातव्या भागाने ही सोय ठेवली नाही. कोणी पीस काढत नाही, कोणी मंत्र म्हणत नाही. औषध वापरून पाहण्याचा प्रसंग गाळल्यामुळे ‘वापरले असते तर?’ हा प्रश्न मोकळाच राहिला. वूल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतात त्यांपैकी ही एक होय, आणि चाहत्यांनी ती भरण्याचा प्रयत्न केला.

तिसरा आधार संहितेतील एका दृश्याचा. खेळाच्या उत्तरार्धात मिडगारच्या त्या चर्चमध्ये परत गेल्यास क्षणभर एरिथची आकृती फुलांजवळ दिसते आणि विरते. एवढ्या एका क्षणावर किती तर्क उभे राहिले असतील याची कल्पना करता येते. शिवाय इंग्रजी आवृत्तीचे भाषांतर अनेक ठिकाणी सदोष होते आणि तिचे नावही ‘एरिस’ असे छापले गेले होते. जेथे भाषांतरच अविश्वसनीय, तेथे मृत्यूच्या बातमीवर तरी विश्वास का ठेवावा, असे पाश्चात्त्य खेळाडूला वाटले असल्यास नवल नाही.

हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांच्या वाचनाला ‘चोरटी शिकार’ म्हटले. ही प्रतिमा त्यांनी मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतली. मालकाच्या रानात शिरून आपल्याला हवे तेवढे घेऊन जाणारा, असा हा वाचक. एरिथच्या बाबतीत ही प्रतिमा पुरती लागू पडत नाही. येथे चाहता रानातून काही पळवून नेत नाही, उलट मालकानेच काहीतरी दडवले आहे अशा श्रद्धेने तो रानाचा कोपरान् कोपरा धुंडाळतो. त्याची वृत्ती चोराची कमी आणि टीकाकाराची अधिक. पोथीतील प्रत्येक अक्षर सहेतुक आहे असे मानणारे आपल्याकडील जुने भाष्यकार त्याला जवळचे वाटले असते.

सापेक्ष आणि निरपेक्ष

भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत एक स्पष्ट भेद केला आहे. दोन्हींत अश्रू, चिंता, कृशता ही लक्षणे समान असू शकतात. फरक आहे तो अपेक्षेचा. विप्रलंभ सापेक्ष असतो, कारण विरही माणसाला भेटीची आशा असते. करुण निरपेक्ष असतो. आशा संपते तेथे शोक हा स्थायीभाव सुरू होतो.

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यापुढे जाऊन एक मधली अवस्था नोंदवली. प्रेमिकांपैकी एकजण परलोकी गेला, पण तो पुन्हा मिळण्याजोगा असेल, तर मागे राहिलेल्याचे दुःख हा ‘करुण-विप्रलंभ’ होय. उदाहरण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील पुंडरीक आणि महाश्वेता यांचे. पुंडरीक विरहाने मरतो. महाश्वेता देहत्यागास सिद्ध होते. इतक्यात चंद्रमंडलातून एक दिव्य पुरुष उतरून पुंडरीकाचे शव घेऊन जातो आणि पुनर्मीलनाचे आश्वासन देतो. महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनी होऊन वाट पाहत राहते. विश्वनाथाने येथे एक मार्मिक मत नोंदवले आहे : आकाशातील आश्वासन ऐकू येईपर्यंत या प्रसंगातील रस करुणच आहे आणि आश्वासनानंतरच तो शृंगाराच्या कक्षेत येतो, कारण मीलनाची आशा उत्पन्न होताच रतिभाव पुन्हा जागा होतो. घटना एकच, शव एकच, परंतु एका वाक्याने रस पालटला. विश्वनाथाने आणखी एक अट घातली आहे. मृत व्यक्ती परत मिळणारच नसेल, किंवा दुसऱ्या शरीराने मिळणार असेल, तर तो करुणच. या अटीकडे पुढे यायचे आहे.

‘कादंबरी’चे उदाहरण आणखी एका कारणाने येथे महत्त्वाचे ठरते. बाणभट्ट हा ग्रंथ अपुरा ठेवून गेला आणि त्याच्या मुलाने तो पूर्ण केला. पूर्वभाग पित्याचा, उत्तरभाग पुत्राचा. आश्वासन एकाने दिले आणि ते पाळण्याची जबाबदारी दुसऱ्यावर आली. मराठीने ज्या ग्रंथाच्या नावावरून एका अख्ख्या साहित्यप्रकाराचे नाव घेतले, त्या ग्रंथाच्या पोटातच उत्तरभागाची ही समस्या दडलेली आहे.

या कसोटीवर १९९७ ची कृती पाहता निर्णय अवघड नाही. संहिता निरपेक्ष आहे. तिच्यात आकाशवाणी नाही. चर्चमधील आकृती काही बोलत नाही, काही वचन देत नाही. अखेरीस ग्रहाच्या पोटातील जीवनप्रवाह वर येऊन उल्केला थोपवतो आणि शेवटच्या दृश्यांत एरिथचा चेहरा दिसतो, पण तो परतीचा चेहरा नाही. कितासे यांनी मुलाखतींत सांगितलेला हेतूही हाच आहे : कथांमधील मरण बहुधा प्रियजनांसाठी केलेला भव्य त्याग असतो, प्रत्यक्षातले मरण अवचित येते आणि मागे पोकळी ठेवते, आणि ती पोकळी त्यांना दाखवायची होती. चाहत्यांची अपेक्षा मात्र सापेक्ष होती. म्हणजे कृती करुणाची आणि आस्वादक करुण-विप्रलंभाचा, असा विसंवाद या खेळाच्या आस्वादात दोन दशके टिकून राहिला. या विसंवादामुळे कृतीचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. पीस चालत नाही, वदंता खोटी ठरते, छुपा मार्ग सापडत नाही, असा प्रत्येक अपयशी शोध त्या मृत्यूला अधिक पक्का करीत गेला.

‘रीमेक’ : आकाशवाणी

२००५ मध्ये नव्या प्लेस्टेशनची ताकद दाखवण्यासाठी या खेळाच्या प्रारंभीच्या दृश्याची नव्याने केलेली चित्रफीत दाखवली गेली आणि पुनर्निर्मितीची आशा पसरली. प्रत्यक्ष घोषणा व्हायला जून २०१५ उजाडले. दरम्यान २००५ च्या ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन’ या चित्रपटात आणि २००७ च्या ‘क्रायसिस कोअर’ या पूर्वकथेत एरिथ आली, पण एकात स्मृतिरूपाने आणि दुसऱ्यात भूतकाळात. मृत्यू अबाधित होता.

एप्रिल २०२० मध्ये ‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’ आला. त्यात केवळ मिडगारचा भाग होता आणि वाढवलेल्या कथेत एक नवी योजना होती. कथा १९९७ च्या मार्गावरून ढळू लागली की करड्या बुरख्यातील छायारूपे येतात आणि तिला मूळ मार्गावर ढकलतात. ही ‘व्हिस्पर्स’ म्हणजे नियतीचे रखवालदार. शेवटी नायक त्यांच्याशी लढतात, जिंकतात आणि पुढचा प्रवास अज्ञात आहे असे जाहीर होते. मूळ कथेत मेलेला झॅक हा योद्धा एका दृश्यात जिवंत दिसतो.

हीच ती आकाशवाणी. विश्वनाथाच्या भाषेत बोलायचे तर येथे संगमाची प्रत्याशा प्रथमच संहितेच्या आतून उत्पन्न झाली. आजवर चाहते जे बाहेरून मागत होते ते कर्त्यांनी कथेचा विषय केले. व्हिस्पर्स म्हणजे मूळ संहितेला धक्का लागू नये म्हणणारा चाहता आणि त्यांच्यावर तलवार चालवणारा म्हणजे एरिथ वाचावी म्हणणारा चाहता, असे वाचन लगेच पुढे आले आणि ते चुकीचे नाही. योजना हुशारीची आहे. तिच्यातील धोकाही उघड आहे. नियती हा शब्द मूळ कृतीत जवळजवळ नव्हताच. तेथे एरिथ मेली ती विधिलिखित होते म्हणून नव्हे, तर एका माणसाने तिला मारले म्हणून. तिचे मरण नियतीच्या खात्यात टाकले की मारणाऱ्याचा अपराध आणि क्लाउडची असहायता ही दोन्ही हलकी होतात. २०२० च्या भागाची ही उणीव त्याच्या चाहत्यांनी पुरेशी ओळखलेली नाही.

मात्र तर्काच्या गुणवत्तेविषयी एक गोष्ट मान्य करावी लागते. झॅकच्या त्या दृश्यात वेफर्सचे एक रिकामे पाकीट वाऱ्यावर उडते. त्यावर शिनराच्या प्रचारातील ‘स्टॅम्प’ या कुत्र्याचे चित्र आहे, पण एरवी सर्वत्र दिसणाऱ्या जातीचा तो कुत्रा नाही. एवढ्यावरून चाहत्यांनी अनुमान काढले की हे दृश्य वेगळ्या विश्वातील आहे. २०२४ च्या भागाने हे अनुमान खरे ठरवले. तेथे निरनिराळ्या विश्वांची खूण म्हणून निरनिराळ्या जातींचे स्टॅम्पच वापरले आहेत. पाकिटावरच्या कुत्र्याची जात ओळखून विश्वरचनेचा निष्कर्ष काढणे हे सूक्ष्म वाचन नव्हे तर काय? आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्गांत इतक्या एकाग्रतेने संहिता वाचली जाते काय, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःशी विचारावा असा आहे.

‘रीबर्थ’ आणि न दाखवलेले पाणी

दुसरा भाग ‘रीबर्थ’ २९ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. त्याची अखेर त्याच विसरलेल्या नगरीत आहे. सेफिरॉथ उतरतो. क्लाउड धावतो आणि या वेळी त्याची तलवार अडवतो. क्षणभर एरिथ वाचलेली दिसते. मग चित्र थरथरते, रक्त दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते. सोबती रडत आहेत. क्लाउड मात्र शांत आहे, कारण त्याला ती दिसते. शेवटच्या लढाईच्या अंतिम टप्प्यात ती त्याच्या शेजारी उभी राहून लढते. १९९७ मध्ये फेरफाराची उपकरणे लावून जे करावे लागत होते ते येथे कर्त्यांनीच करून दिले आहे. शेवटी विमान निघते तेव्हा ती मागे राहून निरोप देते. तिच्याशी बोलणारा एकटा क्लाउड आहे. नानाकी या प्राणिरूप सोबत्यालाही जणू चाहूल लागते, आणि नेमक्या त्या चाहुलीवर तर्कांचा मोठा डोलारा उभा आहे.

या प्रसंगाला भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील तिसरा अंक शेजारी ठेवून पाहावा. विदर्भातील पद्मपूरच्या या कवीने मूळ रामकथेचा शेवट बदलून राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवले, म्हणजे उत्तरभागात मूळ संहितेविरुद्ध जाण्याचे साहस त्याने केले. तिसऱ्या अंकात पंचवटीत आलेला राम मूर्च्छित होतो आणि भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य असलेली सीता त्याला स्पर्शाने सावध करते. रामाला स्पर्श कळतो, सीता दिसत नाही. सोबत असलेल्या वासंतीला तर काहीच कळत नाही. प्रेक्षकाला मात्र सीता जिवंत आहे हे निश्चित ठाऊक असते. भवभूतीचे सामर्थ्य या निश्चितीत आहे. ती असल्यामुळे प्रेक्षक रामाच्या दुःखाकडे करुणेने आणि सीतेच्या जवळीकीकडे आशेने, एकाच वेळी पाहू शकतो.

‘रीबर्थ’मध्ये स्थिती उलट आहे. नायकाला दिसते, इतरांना दिसत नाही, आणि खरे काय हे प्रेक्षकाला सांगितलेले नाही. क्लाउड भ्रमिष्ट आहे की द्रष्टा, हे ठरवण्याचे साधन संहितेत ठेवलेले नाही. परिणामी चाहते दोन गटांत विभागले गेले. एका गटाला तो शोक नाकारणारा रुग्ण वाटतो आणि त्याच्या खोट्या आठवणींचा मूळ कथेतील इतिहास पाहता हे मत बळकट आहे. दुसऱ्या गटाला तो इतर विश्वे पाहू शकणारा एकमेव माणूस वाटतो. या संदिग्धतेचे एक समर्थन करता येते. क्लाउड येथे त्या चाहत्याचेच रूप आहे, ज्याने सत्तावीस वर्षे तिचे मरण मान्य केले नाही. त्याला ती दिसते, कारण त्याला ती दिसायला हवी आहे. हे वाचन घेतले तर ‘रीबर्थ’ची अखेर धाडसी ठरते.

परंतु एका बाबतीत ती कमी पडते आणि ही बाब गौण नाही. क्लाउड एरिथचे शव पाण्यात सोडतो ते दृश्य ‘रीबर्थ’मध्ये दाखवलेले नाही. १९९७ च्या त्या ओबडधोबड चित्रांत ना बोटे दिसत होती ना अश्रू, तरीही तो प्रसंग अंत्यविधी होता. विधीने शोक खाजगी राहत नाही, तो सर्वांचा होतो. मिडगारमधून निघालेली भिन्न प्रकृतीची माणसे त्या पाण्याच्या काठी प्रथमच एक कुटुंब झाली. तो विधी काढून घेतल्याने शोक वाटला गेला नाही. सोबती एकीकडे रडतात, क्लाउड दुसरीकडे बोलतो आणि खेळाडू तिसरीकडे चिन्हांची जुळवाजुळव करीत बसतो. शोकाच्या जागी जिज्ञासा आली. चाहत्यांच्या चर्चेत २०२४ नंतर ‘ती गेली’ यापेक्षा ‘ती कोणत्या विश्वात आहे’ हे वाक्य अधिक ऐकू येते, यात दोष केवळ चाहत्यांचा नाही. संहितेने त्यांना रडायला थांबूच दिले नाही.

दुसऱ्या विश्वातील एरिथ

२०२४ नंतर तिसऱ्या भागाविषयी जे तर्क मांडले गेले त्यांत सर्वांत लोकप्रिय तर्क असा की, एका विश्वात एरिथ मेली, दुसऱ्यात ती जिवंत आहे आणि अखेरीस ही विश्वे एक होऊन ती परत येईल. त्याला संहितेत आधार आहे. ‘रीबर्थ’मध्ये एका वेगळ्या विश्वातील एरिथ क्लाउडला आपला पांढरा मटेरिया देते आणि तो क्लाउड आपल्या एरिथपर्यंत पोहोचवतो. म्हणजे विश्वांमध्ये देवघेव शक्य आहे.

येथे विश्वनाथाची ती अट आठवावी. मृत व्यक्ती दुसऱ्या शरीराने मिळत असेल तर तो करुणच, विप्रलंभ नव्हे. ‘कादंबरी’त पुंडरीकाचे शव दिव्य पुरुष घेऊन जातो आणि महाश्वेतेला तोच परत मिळायचा असतो. म्हणूनच तेथे प्रत्याशेला अर्थ आहे. दुसऱ्या विश्वातील एरिथ ही तशी नाही. तिने क्लाउडसोबत तो प्रवास केलेला नाही. गोल्ड सॉसरमधील ती रात्र, कॉस्मो कॅन्यनमधील शेकोटी हे तिचे अनुभव नाहीत. खेळाडूने वाढवलेली ती ही नव्हे. तिची आणि मेलेल्या मुलीची मुद्रा एक आहे, एवढेच. अशा एरिथने परत येणे हे मेलेल्या एरिथचे परत येणे ठरत नाही, उलट पहिली बदलता येण्याजोगी होती असे ते कबूल करणे ठरते. विश्वे अनेक करून मरणावर मात करणारी जी कथानके अलीकडे चित्रपटांतून आणि मालिकांतून बोकाळली आहेत, त्यांच्यातील मूलभूत पोकळपणा हाच आहे. त्यांत कोणी मरत नाही, कारण कोणीही एकमेव नसतो.

आणखी एक अडचण कथानकाची आहे आणि तर्क करणारे तिच्याकडे सोयीने दुर्लक्ष करतात. मूळ कथेत उल्केला शेवटी थोपवतो तो जीवनप्रवाह, आणि एरिथ त्या प्रवाहात मिसळल्यामुळेच तो ग्रहाच्या मदतीला येतो असे संहिता सुचवते. एरिथ जिवंत राहिली तर प्रवाहाला हाक कोण देणार? तिच्या मरणाला कथेत कार्य आहे, आणि ते कार्य दुसऱ्या कोणाकडे सोपवल्याखेरीज तिला वाचवता येत नाही. भवभूतीसमोर ही अडचण नव्हती, कारण सीतेच्या भूमिप्रवेशावर पुढचे काही अवलंबून नव्हते. त्यामुळे भवभूतीचा दाखला देऊन कोणी एरिथच्या पुनरागमनाचे समर्थन करू पाहील तर ते ग्राह्य धरता येणार नाही. तर्क करणाऱ्यांपैकी ज्यांनी या प्रश्नाला हात घातला त्यांनी क्लाउडच्या हाती आलेल्या काळ्या मटेरियाकडे आणि आकाशाला पडलेल्या त्या तड्याकडे बोट दाखवले आहे. ‘रीबर्थ’च्या शेवटी क्लाउड तो काळा मटेरिया आपल्या तलवारीत बसवतो आणि तडा त्याला दिसतो, इतरांना दिसत नाही. हा मार्ग क्लाउडच्या मनाकडे जाणारा आहे, दुसऱ्या विश्वाकडे नव्हे, आणि म्हणून तो अधिक फलदायी वाटतो.

मूळ कथेत पुढे क्लाउडचे मन मोडते. तो जीवनप्रवाहात पडतो आणि टीफा त्याच्या आठवणींत शिरून खऱ्या-खोट्याची निवड करून त्याला बाहेर काढते. तिसऱ्या भागाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. क्लाउडने ज्या आठवणी खोट्या रचल्या त्यांत आता ‘मी तलवार अडवली’ हीही एक आठवण जमा झालेली आहे. टीफाला ती त्याच्यापासून काढून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी २०२४ मध्ये वगळलेले ते पाण्याचे दृश्य त्याच्यासमोर, म्हणजेच खेळाडूसमोर, प्रथमच मांडावे लागेल. चाहत्यांपैकी थोड्यांनीच हा तर्क केला आहे. त्यात एरिथ परत येत नाही, म्हणून तो फारसा लोकप्रिय नाही.